बुधवार, शनिवार आणि बेंच

दोन-अडीच महिने इथे एक ओळ लिहिली नाही. दोघा-तिघांनी मेल टाकून विचारलंसुद्धा, बरा आहेस ना म्हणून. बरा आहे. फक्त ऑगस्ट संपला की आमच्या घरातलं कॅलेंडर बदलतं. बुधवार आणि शनिवार एवढे दोनच वार उरतात, बाकीचे पाच कसेबसे ढकलायचे. कारण आमचे चिरंजीव ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात सॉकर खेळतात. (इथे ज्याला सॉकर म्हणतात तो आपला फुटबॉल. इथला ‘फुटबॉल’ हाताने खेळतात, पण त्या वादात आज नको शिरायला.) खरं म्हणजे ‘खेळतात’ हा शब्दही जरा जपूनच वापरायला हवा. का, ते पुढे येईलच.

यंदाचं, म्हणजे २०२५ चं, त्याचं चौथं आणि शेवटचं वर्ष. सीझन नुकताच संपला आणि संपता संपता कोल्हापुरातून दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न टाकला. "व्हय रे, चार वर्षं झाली पोरगं पळतंय. स्कॉलरशिप न्हाई, पुढं कुठं प्रोफेशनल खेळायचं न्हाई, मॅचमधे पण बसूनच असतंय. मग उपयोग काय?"

प्रश्न नवा नाही. सासुरवाडीकडून आलाय, मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर प्रसाद हातात असताना आलाय, ऑफिसातल्या तमिळ मित्राकडूनही आलाय. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी तो मीच पोराला विचारला होता, तोही फार वाईट पद्धतीने. त्यामुळे दादावर चिडायचा मला काही अधिकार नाही. पण उत्तर द्यायचा आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. अमेरिकेतला कॉलेजचा खेळ तीन पायऱ्यांवर चालतो. टीव्हीवर दिसतो तो डिव्हिजन वन. सर्वात खालची, पण कॉलेजांच्या संख्येने सर्वात मोठी पायरी म्हणजे डिव्हिजन थ्री, १९७३ पासून चालत आलेली. चारशेहून जास्त कॉलेजं त्यात आहेत आणि त्यांचा मुख्य नियम एका वाक्यात मावतो: खेळासाठी एक डॉलरही द्यायचा नाही. घरची परिस्थिती बघून, मार्क बघून फीमधे सवलत मिळते, पण पोरगा फ्री किक किती छान मारतो ते बघून नाही. वरच्या पायरीवर एका कोर्ट-तडजोडीनंतर जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, एकेका कॉलेजाला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर वाटता येतात. आमच्याकडे मॅचनंतर सँडविच मिळतं. त्यातही अर्ध्या वेळा ते पालकांनीच आणलेलं असतं.

सीझन दहा आठवड्यांचा. सतरा-अठरा मॅचेस. पहिल्या मॅचला ओहायोचं ऊन इतकं असतं की स्टँडवर टेकवत नाही, आणि शेवटच्या मॅचला पायावर ब्लँकेट घेऊन बसावं लागतं. मधल्या काळात ग्राउंडच्या पलीकडचा मका उभ्याचा आडवा झालेला असतो. सगळे प्रतिस्पर्धी आसपासचे. बसने जायचं, खेळायचं, त्याच रात्री परत. सकाळी आठच्या लेक्चरला हजर.

हे ‘आसपासचं’ असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२४ मधे स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली कॉलेजं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधे गेली. नावात अटलांटिक, कॉलेज पॅसिफिकच्या काठाला! हे सगळं अमेरिकन फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी, पण त्यापायी सॉकरची पोरंसुद्धा नियमाने देश ओलांडून मॅचला जातात. आमच्याकडे चार वर्षं तेच तेच शेजारी. समोरच्या टीमचा तो उंच सेंटर बॅक पहिल्या वर्षी कसा अडखळायचा आणि आता कसा भिंतीसारखा उभा राहतो, ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्याचे आईवडील ओळखीचे झालेले असतात. मागच्या वर्षी त्याचा गुडघा गेला तेव्हा आमच्या सौ.ने त्याच्या आईला फोन केला होता.

आणि दर्जा अगदीच यथातथा असतो असं कुणी समजू नये. कोलंबसच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत, डेलावेअर नावाचं गाव आहे. तिथल्या ओहायो वेस्लियनने १९९८ आणि २०११ मधे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दोन्ही वेळा कोच एकच, जे मार्टिन. १९७७ मधे त्यांनी तिथे काम सुरू केलं आणि पुढे सातशेच्या वर मॅचेस जिंकल्या. पेनसिल्व्हेनियातल्या मसाया कॉलेजने २००० ते २०१७ या काळात अकरा विजेतेपदं नेली. ही नावं आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली असतील? मीही ऐकली नव्हती. २०२२ ला शिकागो विद्यापीठ जिंकलं तेव्हा त्यांची कोच एक बाई होती, जुलियान सिच. पुरुषांच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी पहिलीच स्त्री कोच. ही गोष्टही आमच्या या गरीब पायरीवरच घडली.

असो. आता चिरंजीवांकडे येतो.

हायस्कूलमधे तो कॅप्टन होता. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की तिथे सगळेच कॅप्टन होते. टीममधे चौतीस पोरं. मैदानात अकरा, बदली म्हणून आठ-नऊ नेहमीचे. उरलेल्यांनी ट्रॅकसूट घालून उभं राहायचं, गोल झाला की धावत जायचं आणि पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मी पेशाने हिशेबी माणूस, त्यामुळे पहिल्या मॅचपासून एक्सेलमधे त्याची मिनिटं लिहून ठेवलीत. चार वर्षांत एकूण ४१२ मिनिटं. म्हणजे साधारण साडेचार मॅचेस. त्याच काळात आमच्या गाडीला या मॅचेसपायी पडलेले मैल सहा हजारांच्या आसपास. हा दुसरा रकाना सौ.ला अजून दाखवलेला नाही, ती आता इथेच वाचेल :)

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर २०२३ मधे, कोचने एकेकाला बोलावून स्पष्ट सांगितलं. आमच्या पोराला सांगितलं की तू मेहनती आहेस, तू असलास तर मला आनंद आहे, पण पुढच्या दोन वर्षांत फार मिनिटं मिळतील असं मी खोटं सांगणार नाही. मला तो माणूस त्या दिवशी फार कोरडा वाटला होता. आज वाटतं, इतकं सरळ बोलणारे साहेब मला नोकरीत फार मिळाले नाहीत.

थँक्सगिव्हिंगच्या सुटीसाठी त्याला आणायला गेलो होतो तेव्हा गाडीत त्याने हे सांगितलं. त्याच आठवड्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा निकाल कळला होता, तो काही सांगण्यासारखा नव्हता. झालं. मी सुरू झालो. सोडून दे. आठवड्याचे वीस तास कशात घालवतोयस? उपयोग काय? इथवर ठीक होतं. पण मग मी म्हणालो, "तुला तिथे कुणाला गरज तरी आहे का?"

तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. हायवे लागल्यावर म्हणाला, "बाबा, यू ओन्ली सी सॅटर्डे. आय प्ले एव्हरी डे." पुढे घरापर्यंत कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, पोरगं उगाच डायलॉग मारतंय.

त्याचा अर्थ मला जवळजवळ वर्षाने समजला. तोही त्याच्याकडून नाही, दुसऱ्याच एका पोराच्या बापाकडून. स्टँडमधे शेजारी बसला होता. त्याचा मुलगा नेहमीचा राइट बॅक. तो म्हणाला की समोरच्या टीमचा डावखुरा विंगर फार वेगवान आहे, पण तुझ्या मुलाने आठवडाभर माझ्या मुलाची तयारी करून घेतलीये. मी म्हटलं, म्हणजे? तेव्हा कळलं की बेंचवरच्या पोरांचं आठवडाभराचं काम काय असतं. शनिवारी समोर जी टीम येणार, तिच्यासारखं खेळायचं. कोच व्हिडिओ दाखवतो, हा विंगर आत वळतो की बाहेरून जातो, कॉर्नर कुठे मारतो. ते सगळं शिकून सोमवार ते शुक्रवार आमचे चिरंजीव तो विंगर होतात. दर आठवड्याला नवा माणूस. मुख्य टीम त्यांच्याशी झुंजून शनिवारसाठी तयार होते. त्या दिवशी तो खरा विंगर दोनदा आत वळायला गेला आणि दोन्ही वेळा आमच्या राइट बॅकने बॉल काढून घेतला. दुसऱ्या वेळी त्या पोराने उठता उठता बेंचकडे बोट केलं. मी एक्सेल उघडून बसलो होतो. त्या मॅचचा आकडा शून्य होता.

माझं म्हणणं आता सांगतो. ज्या खेळातून पुढे काहीच मिळायचं नाही, पैसा नाही, नाव नाही, व्हिसा नाही, त्याच खेळात माणूस का आहे हे स्वच्छ दिसतं. वीस वर्षांच्या पोराला इतर ठिकाणी आम्ही शिकवतो ते सगळं ‘रेझ्युमेवर काय दिसेल’ एवढंच. आम्ही म्हणजे आपण. शाळेत बँड कशाला, तर अॅप्लिकेशनमधे चांगलं दिसतं. वृद्धाश्रमात जाणं कशाला, तर तेच. याला एकच गोष्ट अशी मिळाली की जिचा काही उपयोग नव्हता, आणि ती त्याने स्वतः होऊन धरून ठेवली. मी ती सोडवायला निघालो होतो.

पण म्हणून सगळं गोड गोड आहे असंही मी म्हणणार नाही. ‘आम्ही खेळासाठी पैसे देत नाही’ यामागे एक दुसरा हिशेब आहे, आणि तो पालकांनी समजून घ्यायला हवा. छोट्या कॉलेजांना विद्यार्थी मिळेनासे झालेत. कॉलेज चालतं फीवर. मग टीम वाढवायची, कोचला सांगायचं की अमुक इतकी पोरं आण. प्रत्येक पोरामागे फी येते. काही कॉलेजांत तर निम्मीअधिक मुलं कुठल्या ना कुठल्या टीममधे आहेत. पोरगं कोचच्या आश्वासनावर येतं, वर्षभर बेंचच्याही मागे उभं राहतं आणि सोडून देतं. खेळही गेला, आणि कदाचित जे कॉलेज एरवी निवडलंच नसतं तिथे अडकलं. माझ्या मुलाच्या बॅचला तेरा जण आले होते, शेवटी पाच उरले. माझं म्हणणं आहे की प्रत्येक कॉलेजने हे दोन आकडे पालकांसमोर ठेवावेत: किती आले, किती टिकले. हारजीतीचा तक्ता वेबसाइटवर १९५० पासूनचा देता ना, मग हाही द्या. ज्या कोचला लपवायचं काही नसेल त्याला अवघड नाही.

आणि फीवर चालणारी कॉलेजं बंदही पडताहेत. क्लीव्हलंडजवळचं नोटर डेम कॉलेज (इंडियानातलं प्रसिद्ध ते नव्हे) २०२४ च्या मे महिन्यात बंद झालं. त्याच महिन्यात, ३१ तारखेला, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज कायमचं बंद झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांची बेसबॉल टीम इथे ओहायोत, ईस्टलेकला, डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होती. कॉलेज नाही, टीम आहे! मी ती मॅच टीव्हीवर बघितली नाही, बातमी वाचली. पण मग पुढचे चार दिवस दर शनिवारच्या आमच्या शेजाऱ्यांची नावं मनात मोजत होतो, यातलं दहा वर्षांनी कोण असेल म्हणून.

आता दादाकडे वळतो. दादा, तू हे वाचणार आहेसच.

तू स्वतः तालमीच्या टीममधे दुसऱ्या फळीत होतास. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठा रिकाम्या व्हायच्या. अण्णा आम्हाला घेऊन जायचे, आणि तू बहुतेक वेळा लाइनच्या बाहेर टॉवेल घेऊन बसलेला असायचास. खेळणारे कोण? कुणी गॅरेजमधला, कुणी पतपेढीतला कारकून, कुणी नुसताच वाट बघणारा. त्यांना काय मिळायचं? जिंकले तर गुलाल, मिरवणूक, आणि गल्लीत सकाळी चहाचे पैसे कुणी घ्यायचं नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासूनची. इतक्या वर्षांत एकाही तालमीच्या पोराला कुणी ‘उपयोग काय’ विचारल्याचं मी ऐकलं नाही. अण्णांनी तुला विचारलं होतं? मग हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून? मला वाटतं तो मीच इकडे आल्यावर पैसे मोजायला शिकलो तेव्हा आला, आणि फोनवरून तुला लागला.

आई मात्र हा प्रश्न कधी विचारत नाही. मॅचेस इंटरनेटवर दिसतात. इथे संध्याकाळी सातला सुरू झालेली मॅच कोल्हापुरात पहाटे साडेचारला. आई तशीही उठलेली असते. चहा घेते आणि टॅबलेटसमोर बसते. कॉमेंट्री कॉलेजचीच मुलं करतात, आमच्या आडनावाची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. अडचण अशी की कॅमेरा असतो प्रेस बॉक्सवर आणि बेंच त्याच्या बरोबर खाली, त्यामुळे बेंच कधीच दिसत नाही. तीन वर्षं आईने दर मॅचनंतर मला फोनवर एकच विचारलं, "आपला कुठं हुता?" मी म्हणायचो, कॅमेऱ्याच्या खाली. "मग कॅमेरा जरा वाकवा की म्हणावं."

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी घरची शेवटची मॅच होती. तिला सीनिअर डे म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आईवडिलांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, नाव पुकारतात, फुलं देतात. थोडक्यात निरोप समारंभ, फक्त गवतावर. आणि कोचने पाचही जणांना पहिल्या अकरात घेतलं. दुपारी एकची मॅच, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा. आईने शेजारच्या दोघींना बोलावून ठेवलं होतं.

चिरंजीव सव्वीस मिनिटं खेळले. डावीकडून. एक क्रॉस बरा होता, कुणी पोचलं नाही. एकदा बॉल गमावला, मग मागे पळत जाऊन स्वतःच फाउल केला. सव्वीसाव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. इथल्या नियमाप्रमाणे पहिल्या हाफमधे बाहेर आलेला त्या हाफमधे परत जाऊ शकत नाही. दुसऱ्या हाफमधे जाऊ शकतो, पण तेव्हा टीमला जिंकणं भाग होतं. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत जायचं तर पूर्ण तीन गुण हवे होते. कोचने नेहमीचे खेळाडू ठेवले. मी कोचच्या जागी असतो तरी तेच केलं असतं.

१-१. शेवटची दहा मिनिटं आम्ही सगळे उभे. इथे घड्याळ उलटं चालतं, नव्वदाकडे चढत नाही, शून्याकडे उतरतं. आणि २०२२ पासून साखळीतल्या मॅचचा ओव्हरटाइम बंद केलाय. पूर्वी अशी मॅच पुढे गेली असती, एक गोल आणि खलास. आता शून्य म्हणजे शून्य. समोरच्या बेंचवरची पोरं मोठ्याने मोजायला लागली, दहा, नऊ, आठ.. त्यांना बरोबरी पुरत होती. आमच्या पोराचा चेहरा मला स्टँडमधून दिसत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या खाली होता.

हॉर्न वाजला आणि सीझन संपला.

नंतर पालकांच्या टेबलावर खायचं होतं. आमचे बटाटेवडे, कुणाची चिली. (चिली म्हणजे मिसळीची लांबची चुलत बहीण, फरसाण न मिळालेली.) ती पाच पोरं मात्र मधल्या वर्तुळात बूट घालून बसली ती उठेचनात. तासभर. वडे गार झाले. एरवी मी हाक मारली असती.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, ड्रॉ झाली, आपला सव्वीस मिनिटं खेळला. तो जरा थांबला आणि म्हणाला, "आई सांगत हुती. डावीकडनं खेळला न्हवं?" मग त्या क्रॉसबद्दल दहा मिनिटं बोलला. पाय कसा ठेवायला पाहिजे होता, वगैरे. बॉल उचलायची घाई केली म्हणे.

एक्सेलमधे आता पुढचं वर्ष नाही. पण सप्टेंबरमधे बुधवारी संध्याकाळी करणार काय, असं सौ.नेच परवा विचारलं. त्या उंच सेंटर बॅकचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी येणार आहे म्हणे, समोरच्याच टीममधे. आम्ही जाणार आहोत. ओहायोत कुणी असाल तर या. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. घडीची खुर्ची आणि एक ब्लँकेट आणा, वडे आमच्याकडे.